सांगाव्याचं घर

नव्या देशात पाऊल ठेवल्यावर माणूस राहायला कुठे जातो? जिथे आपली माणसं असतील तिथे. यात विचारण्यासारखं काय आहे? पण कचेरीतल्या बाईने विचारलंच. भिंतीवरच्या नकाशात पार वरच्या टोकाला एका गावावर बोट ठेवून ती दुभाष्याकरवी म्हणाली, "इथे जाता का? घर मिळेल, काम मिळेल. काचेच्या मोठमोठ्या शेडमध्ये रोपं वाढवतात, माणसं कमी पडतात." काचवाला खो खो हसला. मायदेशी आयुष्यभर खिडक्यांना काचा बसवल्या म्हणून त्याला सगळे काचवाला म्हणत. "अहो बाई, तिथे आम्हाला कुत्रं तरी ओळखतं का? इथे शहरात आमची अख्खी गल्ली आहे!"

त्याच्या बायकोला सासरी तोफ म्हणत, आणि हे नाव तिला कोणी फुकटात दिलेलं नव्हतं. ती मात्र त्या दिवशी गप्प बसली. एरवी तोफ गप्प बसली की काचवाला लगेच सावध व्हायचा, पण त्या दिवशी स्वारी इतकी खुशीत होती की त्याच्या लक्षातच आलं नाही. तो आला होता पगारासाठी. ती कशासाठी आली होती, ते तिने विमानातच सांगून टाकलं होतं. "आपली टिल्ली कोणाच्याही दारात गेली तर त्या माणसाने हसून दार उघडलं पाहिजे. मला दुसरं काही नको." काचवाला "हो हो" म्हणाला आणि जेवणाच्या डब्याचं झाकण कुठून उघडतं ते शोधत बसला.

आता टिल्लीला बघून लोक का हसणार नाहीत, हे सांगायला हवं. पोरगी गोड होती. दोन दात पडलेले, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. पण घर पडलं सांगाव्याचं. त्यांच्याकडे कोणी वारलं की ती बातमी दारोदार पोचवायचं काम एका ठरलेल्या घराचं असे. त्या घरचा माणूस येई, दारावर टकटक करी, एक पायरी खाली उतरून उभा राही आणि सांगे. पुढे फोन आले, मोबाइल आले, बातमी आधीच सगळीकडे व्हायला लागली, पण सांगावा आल्याशिवाय ती बातमी खरी नाही, हा लोकांचा हट्ट काही गेला नाही. बरं, वाईट दिवशी ज्याच्या तोंडून ऐकायचं, त्याचं तोंड चांगल्या दिवशी कोण बघणार? लग्नाला बोलावणं नाही, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल नाही, आजाऱ्याला भेटायला तर नाहीच नाही. जेवण मात्र घरपोच, तेही भरपूर. लोक वाईट नव्हते हो, तीच तर पंचाईत होती.

तोफेचं माहेरही सांगाव्याचंच. लहानपणी ती मैत्रिणींच्या अंगणापर्यंत जाई आणि तिथून हाका मारी. या सगळ्याला समुद्रात बुडवून टाकू, म्हणून तर ती एवढ्या लांब यायला तयार झाली होती.

गल्लीत पाय ठेवला आणि दोघंही हरखून गेली. दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती, भिंतींवरून बाहेरच्या बाहेर गेलेले पाइप, खिडकीतून खिडकीत बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे, आणि वरून आपल्या भाषेत एकमेकींना मारलेल्या हाका. ऐकूनच काचवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीचे काका हातगाडी घेऊन तोंडाशीच उभे होते. गल्लीत कोणाला कुठे खोली, कोणाला कुठल्या कारखान्यात काम, सगळं काका आपल्या दुकानात बसून बघत. यांच्यासाठी गाद्या, शेगडी, भांडी सगळं तयार होतं. टिल्लीसाठी चपलासुद्धा आणून ठेवल्या होत्या आणि त्या तिला बरोबर बसल्या. एवढं कोण करतं? सख्खा भाऊ करत नाही.

खोली तळमजल्यावर, गल्लीच्या अगदी तोंडाला. "ही खोली आम्ही कोणाला दिली नाही बरं का," काका अभिमानाने म्हणाले. "किती जण मागत होते. पण म्हटलं, सांगाव्याच्या घरचं कोणीतरी येईल. इतकी वर्षं आमचं कसं चाललं ते आमचं आम्हाला माहीत. कोणी वारलं की नुसते फोन! त्याला काय अर्थ आहे?"

काचवाल्याने मान डोलावली. तोफेच्या हातातलं बोचकं हातातच राहिलं.

दोन-चार दिवसांनी बादलीचं प्रकरण झालं. समोरच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या ताईंनी त्यांना बादली दिली होती. तोफेने ती घासूनपुसून लखलखीत केली आणि परत द्यायला वर गेली. दार वाजवलं. ताई हातात झारा घेऊन दारात आल्या, समोर कोण आहे ते पाहिलं आणि झारा खाली पडला. "अगं बाई! बाबा! माझे बाबा गेले गं!" आणि ताईंनी दारातच बसकण मारली.

"अहो ताई, बादली! बादली द्यायला आले मी!" तोफ जीव तोडून सांगत होती. ऐकतंय कोण? शेजारपाजारच्या धावल्या, एकीने पाणी आणलं, एकीने रडायला साथ दिली. शेवटी कोणीतरी मायदेशी फोन लावला. तिकडे बाबा गाढ झोपलेले. "कोण गेलं?" असं त्यांनी घाबरून विचारलं आणि ताई हुंदके देत म्हणाल्या, "बाबा, तुम्ही!" त्यावर बाबांनी अशा काही शिव्या हासडल्या की म्हातारा पुढची वीस वर्षं कुठे जात नाही, याची सगळ्यांची खात्री पटली. जिना हसून हसून हादरला. तोफही पोट धरून हसत होती.

काकांनी डोळे पुसले आणि प्रेमाने म्हणाले, "हे बघ पोरी, पुढच्या वेळी खालूनच हाक मारत जा. वर येऊन दार वाजवू नकोस. लोकांच्या काळजाचं काही सांगता येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू यापेक्षा शहाणपणाची गोष्ट नाही. तोफेचं हसू तिथेच थांबलं. ती बादली तिने जिन्यातच ठेवली आणि खाली आली.

पुढे गल्लीतले म्हातारे शिंपीबुवा दवाखान्यात वारले. सगळ्यांना फोनवर कळलेलंच होतं. तरी काका भरदुपारी खोलीवर आले आणि काचवाल्याला म्हणाले, "चल बाबा, निघ." काचवाल्याने तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला आणि गेला. घरोघरी एक पायरी खाली उभा राहून त्याने सांगितलं. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, न थरथरणारा. शिंपीबुवांच्या पुतण्याने तर त्याचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"अगं, माझ्या तोंडून ऐकलं आणि तो मोकळेपणी रडला," घरी आल्यावर काचवाला म्हणाला. "फोन कधी हात धरू देतो का? तू उगाच या कामाच्या नावाने बोटं मोडतेस."

"काम वाईट आहे असं मी कधी म्हटलं?" तोफ म्हणाली. "चांगलंच काम आहे. पण आज ज्याने हात धरला, तो उद्या घरात घेईल का, ते सांगा मला."

काचवाल्याने चहा मागितला.

उत्तर टिल्लीने आणलं. पुतण्याचा मुलगा तिच्या वर्गात होता. त्याच्या वाढदिवसाला त्याने तिला स्वतःच बोलावलं. पोरगी दोन वेण्या घालून, हातात रंगीत कागदात गुंडाळलेली भेट घेऊन उड्या मारत गेली आणि लगेच परत आली. हातात खाऊची पिशवी, ठासून भरलेली. "आई, मी दार वाजवलं तर काकूंनी छातीवर हात ठेवला आणि 'काय झालं?' असं विचारलं. मी म्हटलं, वाढदिवस झाला. मग त्या म्हणाल्या, तू इथेच थांब हं बाळा, आणि पिशवी दिली. आई, मला आत का नाही घेतलं?"

तोफेने पिशवी घेतली, टिल्लीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यांच्या घरात जागा कमी असेल." आयुष्यात एवढं पुचाट वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. स्वतःचाच तिला इतका राग आला की तिने धुतलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

तरीही तिने काकांना एक संधी दिली. हे तिच्या वतीने सांगितलंच पाहिजे, कारण नंतर गल्लीत काय काय बोललं गेलं! काकांच्या सुनेला मुलगी झाली. गल्लीभर आनंदीआनंद. तोफ काकांच्या दुकानापाशी गेली आणि रस्त्यावरूनच म्हणाली, "काका, आम्ही सांगावा करतो. हे करतील, मी करेन, पुढे टिल्लीही करेल. पण मग सगळाच करू. तुमच्याकडे नात झाली आहे, ही बातमी मला घरोघरी सांगू द्या."

काका गोंधळले. मग हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "अगं, असं कसं? शुभ बातमी तुमच्या तोंडून? लोक काय म्हणतील? बाळ लहान आहे गं." आणि अगदी मायेने पुढे म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुमचा मान वेगळा आहे. तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही."

"हलत नाही ना?" तोफ म्हणाली. "बघू."

ती तशीच कचेरीत गेली. दुभाष्या जेवायला गेला होता, तर तिने त्याची वाटसुद्धा बघितली नाही. नकाशाजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि पार वरच्या टोकाच्या त्या गावावर बोट दाबून धरलं. कचेरीतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

घरी मात्र रामायण झालं. "तुझं डोकं फिरलंय का?" काचवाला ओरडला. "तिथली भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही! आजारी पडलो तर पाणी कोण देईल? इथे चार लोक आपल्याला विचारतात."

"कोणी मेल्यावर विचारतात."

"म्हणून काय आपलीच माणसं टाकायची?"

"मी टाकत नाहीये. त्यांनी मला जिथे ठेवलंय, तिथून उठतेय." तोफेचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "अहो, मी अंगणातून हाका मारत मोठी झाले. माझी पोरगी गल्लीतून हाका मारणार नाही. तुम्हाला राहायचं तर राहा. मी आणि टिल्ली चाललो."

काचवाला भिंतीकडे तोंड करून बसला. दोन दिवस त्याचं हेच चाललं. कारखान्यात जाई, खोकी बांधे, येई आणि भिंतीकडे तोंड करून बसे. त्यालाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला? माणसाला आपली भाषा कानावर पडायला लागते. तोफेला काय ते कळत नव्हतं? कळत होतं, म्हणूनच तिला जास्त चीड येत होती.

रविवारी सकाळी, सगळी गल्ली घरात असताना, तोफेने ठेवणीतली साडी नेसली, टिल्लीचा हात धरला आणि समोरच्या इमारतीत शिरली. पहिलं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा पांढराफटक. "काय झालं? कोण?"

"काकांच्या सुनेला मुलगी झाली!" तोफ खणखणीत आवाजात म्हणाली. "आई आणि बाळ दोघीही सुखरूप आहेत. आणि आम्ही उद्या दुसऱ्या गावी राहायला चाललो आहोत. येते!"

बाई आ वासून उभी. तोफ पुढच्या दारात. तिथेही तेच. कोणाची भीतीने बोबडी वळली, कोणी हातातली बशी टाकली, एका आजोबांनी तर ऐकायच्या आधीच टोपी काढली आणि ऐकल्यावर परत घालायची की नाही ते त्यांना कळेना. पण बातमीच अशी की तोंड आपोआप सैल व्हायचं. घाबरलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं की माणूस किती वेडगळ दिसतो! टिल्लीला तर हा खेळच वाटला. तिसऱ्या मजल्यापासून दारं तीच वाजवायला लागली, आणि वरच्या ताईंनी दार उघडलं तेव्हा हिनेच आधी ओरडून टाकलं, "तुमचे बाबा ठीक आहेत! बाळ झालंय!"

ओरडा गल्लीभर झाला. काका तसेच पायजम्यावर धावत आले. रागावले होते, आणि रागावण्यापेक्षा घाबरले होते. "अगं, काय चालवलंयस हे! माझी नात इतकीशी आहे, तिला काही झालं म्हणजे?" काचवाला खोलीच्या दारात उभा होता. काका त्याच्यावर घसरले. "आवर तुझ्या बायकोला! आम्ही तुम्हाला डोक्यावर छप्पर दिलं, काम दिलं, त्याचे हे पांग फेडता?"

काचवाला खाली बघत राहिला. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. तोफ जिन्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. नवरा मऊ माणूस. काकांनी आवाज चढवला की तो मान खाली घालतो, हे तिला ठाऊक होतं. तो आत जाऊन दार लावून घेईल, याचीच तिने तयारी ठेवली.

काचवाल्याने चपला घातल्या. रस्ता ओलांडून तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "ही बाजू तुझी होत आलीय. पलीकडची मी घेतो."

आणि घेतली. ज्या आवाजात त्याने शिंपीबुवांचं सांगितलं होतं, त्याच खालच्या, न थरथरणाऱ्या आवाजात तो दारोदार सांगत गेला, "काकांना नात झाली. आई आणि बाळ सुखरूप आहेत." पुतण्याच्या दाराशी तो पायरी उतरून खाली उभा राहिला नाही. उंबऱ्याला लागून उभा राहिला. पुतण्या ऐकून मागे सरकला आणि त्याने दार पूर्ण उघडलं. काचवाल्याने आत एकदा नजर टाकली आणि पुढच्या घराकडे निघाला.

शेवटचं घर काकांचं. दार सुनेनेच उघडलं, बाळ खांद्यावर. तोफ म्हणाली, "तुम्हाला मुलगी झाली आहे." सून दमलेली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं, तरी ती फसकन हसली. "झाली खरी! आणि रात्रभर जागवते!" बाळाने जांभई दिली. काका मागून धापा टाकत आले, त्यांनी नातीकडे टक लावून पाहिलं, मग तोफेकडे, मग परत नातीकडे. पोरगी मजेत होती. काकांचा आवाज एकदम उतरला. "बरं, झालं ते झालं. आता राहा. जायचं कशाला? येत-जात असा घरात. मी सांगतो सगळ्यांना."

क्षणभर तोफेलाही मोह पडला. एवढं सगळं ऐकायला तर ती आसुसली होती.

तेवढ्यात काका पुढे म्हणाले, "तुम्ही गेलात तर कोणी वारल्यावर सांगणार कोण?"

तोफेने तोंड उघडलं, पण काचवाला आधी बोलला. "काका, दार वाजवायला हात तुम्हालाही आहेत," तो म्हणाला. "जाऊन समोर उभं राहायचं आणि सांगायचं. जड जातं. पण जमतं."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. हातगाडी दिली ती मात्र काकांनीच.

वरच्या टोकाचं ते गाव म्हणजे बैठ्या घरांच्या रांगा, सोसाट्याचा वारा आणि लांबच लांब काचेच्या शेड. काचवाला पहिल्याच दिवशी शिडीवर चढला. फुटलेल्या काचा इतक्या होत्या की पुढची कित्येक वर्षं त्याच्या कामाला मरण नव्हतं. तोफ रोपं निवडायला जायची. सोबतच्या बायका आपापसांत बोलत, हिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. घरी येऊन ती भांड्यांशी बोलायची. एकदा तर उशीत तोंड खुपसून रडली, आणि काचवाल्याने विचारल्यावर "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणाली. आपल्या हट्टापायी आपण पोरीला एकटं पाडलं, असं तिला वाटायला लागलं होतं. दार हसून कोण उघडणार? इथे तिला कोणाचं दार वाजवायचा धीरच होत नव्हता.

आणि एका संध्याकाळी त्यांचंच दार धडाधड वाजलं. तोफेने उघडलं. समोर शेजारीण. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, चेहरा लालबुंद, हातात मुळासकट उपटलेलं एक रोप. ती जी सुरू झाली! रोप नाचवत होती, कुंपणाकडे हात करत होती, टिल्लीकडे बोट दाखवत होती, आणि टिल्ली आईच्या मागे लपून चिखलाचे हात फ्रॉकला पुसत होती. तोफेला त्यातला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

ती शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यावर भीती नावालाही नव्हती. छातीवर हात नाही, कोण गेलं म्हणून विचारणं नाही. नुसता संताप, चांगला सणसणीत, शेजारणीचा शेजारणीवर असतो तसा. असं कोणी आजवर तिच्या दारात येऊन तिच्याशी भांडलंच नव्हतं. सांगाव्याच्या घराशी कोण भांडणार?

तोफेने पदर खोचला. "एका रोपासाठी एवढा आकांत?" तिने आपल्या भाषेत तोंड सोडलं. "लेकरू आहे ते, चढलं कुंपणावर! तुमचं मांजर रोज माझ्या पायपुसण्यावर लोळतं, मी आले का कधी ओरडत?" शेजारीण कंबरेवर हात ठेवून आणखी चढली. ही त्याहून चढली. दोघींचे आवाज काचेच्या शेडपर्यंत गेले आणि काचवाला शिडी टाकून धावत आला.

"काय झालं? अगं, कोण आहे?"

"शेजारीण आहे! माझ्याशी भांडायला आली आहे!" तोफ म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "दारात कशाला उभी ठेवायची तिला? आत बोलवा. माझं अजून संपलेलं नाही."